वरणाचा पंप

"किती एचपीची मोटार घेऊ, सर?" असं आमच्या कॉलेजात कोणी विचारलं, की त्याचा दिवस गेलाच म्हणून समजा. सर रागवायचे नाहीत. वर्कशॉपच्या कोपऱ्यात वाळूचं एक पोतं ठेवलेलं असायचं, तिकडं नुसतं बोट दाखवायचे. विचारणाऱ्यानं ते पोतं पाठीवर घ्यायचं आणि जिन्यानं गच्चीवर पळायचं. सर खाली घड्याळ धरून उभे. पोट्टा घामाघूम होऊन खाली आला, की फळ्यावर हिशेब मांडायचे आणि सगळ्या वर्गादेखत निकाल सांगायचे, "पाव! पाव घोडा भरला हा. म्हंजे घोड्याचं एक तंगडं. आता सांग बावा, तुह्या मशीनले किती तंगडे पाह्यजेत?"

मुलगी म्हणून मला सूट मिळेल असं वाटलं होतं. कुठली सूट! धापा टाकत खाली आले, तर सर फळ्याकडं बघत म्हणाले, "तू तं नुसता खूर हायस बाई." वर्ग खदाखदा हसला. मला इतका राग आला होता, की संध्याकाळी होस्टेलवर जेवलेच नाही. पण एक खरं सांगते, घोडा म्हणजे काय चीज आहे ते त्या दिवशी माझ्या पाठीला कळलं, आणि पाठीला कळलेलं माणूस विसरत नाही.

बुलडाणा जिल्ह्यातलं आमचं कॉलेज. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट या सरांकडं. बाकीचे प्राध्यापक इंग्रजीत शिकवायचे, निदान सुरुवात तरी इंग्रजीत करायचे. हे पहिल्या वाक्यापासून वऱ्हाडीत. पुण्याहून एकदा एक पाहुणे व्याख्याते आले होते, ते सरांचं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसले. सरांनी ते बघितलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, मोटारीले तुमची भाषा समजते का माही?" पाहुण्यांनी मग चहा सरांच्याच शेजारी बसून घेतला.

सरांच्या शर्टाची डावी बाही कायम कोपरापर्यंत दुमडलेली असायची आणि उजवी मनगटाशी नीट बटण लावून. का, तर डाव्या हाताचं मनगट मोटारीच्या अंगाला लावून ते ताप बघायचे. लग्नाला गेले, तरी नवरा-नवरीच्या आधी मांडवामागच्या जनरेटरला भेटून यायचे. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बेअरिंग रडून राह्यली बिचारी." लोक त्यांना येडं म्हणायचे. आम्हीही म्हणायचो, पण आमचं माणूस म्हणून म्हणायचो.

मोटार निवडणं म्हणजे त्यांच्या लेखी सोयरीक. "पोरगी देतांनी सासर पायता का नाई? मंग लोड पाह्यल्याबिगर मोटार कायले देता बे, भैताडहो?" मोटारीवरच्या नावपट्टीला ते पत्रिका म्हणायचे. पत्रिकेत सगळं गोडच लिहिलेलं असतं, सासरी गेल्यावर कळतं, हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांचे प्रश्न तीनच असायचे: काय उचलायचं, किती उंच उचलायचं, किती वेळात उचलायचं. ही उत्तरं पाठ झाल्याशिवाय ते कोणाला पंपाच्या दुकानाची पायरी चढू द्यायचे नाहीत. दुसऱ्या गटांतली पोरं शहरातून तयार प्रोजेक्ट विकत आणायची, रंगीत पट्ट्या लावलेले, चकचकीत. त्यांना विचारलं, की पंपातून काय जातं, तर म्हणायची, "पाणी." कोणतं पाणी, तर तोंडं एकमेकांकडं.

पहिल्याच तासाला सरांनी टेबलावर तीन ग्लास मांडले होते. एकात पाणी, एकात दही, एकात रव्याचा शिरा. प्रत्येकाला एक स्ट्रॉ दिली आणि म्हणाले, "ओढा." पाणी आलं. दही डोळे पांढरे करून आलं. शिरा कोणाच्या बापाला यायला! गालफडं आत गेली, स्ट्रॉ चपटी झाली, आणि माझ्या शेजारच्या प्रतीक्षाला ठसका लागून शिरा नाकात गेला. सर खूश होऊन टाळ्या वाजवत होते. "तीन ग्लास, तीन पंप! हे समजलं त्याचं निम्मं इंजिनिअरिंग झालं." उरलेला शिरा त्यांनी स्वतः चमच्यानं खाल्ला.

खाण्यावरून आठवलं. त्यांचा एक नियम होता, ज्याचा प्रोजेक्ट त्यानं ते तोंडात घालून बघायचं. उसाचा रस असो, काकवी असो, मिरचीचा ठेचा असो. "जे पंपाच्या पोटात जाते ते आदी आपल्या पोटात गेलं पाह्यजे." गोबर गॅसवाल्या गटाला यातून माफी होती, पण हात घालून कालवणं त्यांनाही चुकलं नाही.

संग्रामपूरकडच्या पोरांनी एकदा पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, तुकडे करायचं मशीन बनवलं. कॉलेजात ते वाघासारखं चालायचं. गावात नेलं, बटण दाबलं, तर नुसतं गुंऽऽ करून गप्प. पोरं रडकुंडीला आलेली. सरांनी मशीनकडं बघितलंच नाही, खांबावरच्या दिव्याकडं बघितलं. दिवा मिणमिणत होता, कारण गावात लग्न होतं आणि निम्मी वीज मांडवात गेली होती. "व्होल्टेज जरासं पडलं तं मोटारीचा जोर लय पडते. सासर उपाशी हाय हे तुमी पाह्यलं नाई," असं म्हणून ते त्याच लग्नात जेवून आले. पुढच्या खेपेला पोरांनी जास्त जोराची मोटार बसवली आणि पऱ्हाटीचा असा चुरा केला की गाव बघत राहिलं.

आता माझी गोष्ट.

आमचं गाव अमडापूरच्या बाजाराला जाणारं. बाबा आचारी. लग्नकार्यात स्वयंपाक करायचे, पण त्यांचं खरं नाव होतं ते गावच्या भंडाऱ्याच्या वरणासाठी. आमच्याकडचा मोठा भंडारा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगावं लागेल. शेतात पंगती बसतात, इतक्या लांब की शेवटचा माणूस दिसत नाही. दोन पंगतींच्या मधून ट्रॅक्टर चालतो आणि वाढपी ट्रॉलीतून वाढत जातात. ट्रॉलीत ठेवलेल्या पिंपांत वरण भरायचं म्हणजे चुलीवरच्या कढईतून बादल्या भरून छातीइतक्या उंचीवर द्यायच्या. ते काम बाबा दुसऱ्याला करू देत नसत. माझ्या शेवटच्या वर्षाच्या आदल्या भंडाऱ्याला त्यांचा पाय सरकला आणि उकळत्या वरणाची बादली उजव्या खांद्यावर आली. कातडी भरून आली, पण हात कानाच्या वर जाईना.

भंडारा समितीचे अध्यक्ष घरी आले. माणूस वाईट नव्हता, पण बोलला ते वाईटच. "दादा, आता आराम करा. या साली पाहू जमते का, नाई तं पुढच्या सालापासून शहरातून केटरर आनू." बाबा त्यांना ओसरीपर्यंत सोडून आले आणि भिंतीला टेकून बसले. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. म्हणाले, "माय, ज्या दिवशी गावात दुसऱ्याचं वरन शिजन ना, त्या दिवशी मी गावात राह्यत नाई." बाबांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

कॉलेज सुरू झालं तशी मी थेट सरांच्या टेबलाशी गेले. "सर, वरण उचलायचंय. छातीइतकं उंच. पहिली पंगत बसायच्या आत."

सर खुर्चीतून उठले. "पाह्यलं का बे!" ते सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल असं ओरडले. "इतक्या सालात पयल्यांदा कोनी एचपी नाई इचारली!"

गट ठरला: मी, शिरा नाकात गेलेली प्रतीक्षा आणि सुलतानपूरचा इम्रान. इम्रानच्या घरी वेल्डिंगचं दुकान, त्यामुळं लोखंड त्याचं ऐकायचं. पहिला पंप आम्ही साधा घेतला, आत पंखा फिरणारा, घराच्या टाकीत पाणी चढवतो तसला. वरण सर्रकन वर आलं. आम्ही नाचलो. बाबांनी वाटीत घेऊन बघितलं. डाळीचा लगदा झालेला, कढीपत्त्याचा चोथा, मिरच्यांचं बी सगळीकडं. "हे वरन नोय," बाबा म्हणाले, "हे दवाखान्यातली पेज हाय. असं वाढाचं असन तं केटररच बरा."

मग सर स्वतः सासर बघायला आमच्या घरी आले. चुलीपुढं पाटावर बसले आणि बाबांची परीक्षाच घ्यायला लागले. डाळ कोणती, हळद आधी की नंतर, फोडणी खाली का वरून. बाबाही रंगात आले. "फोडनी खालीच. वरून फोडनी देनारा आचारी नोय. अन् सर, उकळी मोडू देत नाई मी. ट्रॉलीत पडतांनी बी वरन उकळतंच पाह्यजे."

"वा!" सर म्हणाले, आणि तिसरी भाकरी वरणात कुस्करली.

त्यांनी सुचवलेला पंप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आत पंखा नाही, काही नाही. एक जाड नळी, आणि ती बाहेरून दाबत पुढं सरकणारे रूळ. गाय पिळतात तसं नळी पिळायची, की आतलं पुढं जातं. डाळीला काही लागत नाही, कढीपत्ता पानच्या पान बाहेर. मोटारीवरून आमची आणि सरांची चांगलीच जुंपली. आम्हाला जोरात फिरणारी पाहिजे होती. सर म्हणाले, "पळनारा नको, रेटनारा पाह्यजे. लगनात नाचाले बैल नेता का तुमी? अन् नांगराले घोडा जुपता का?" शेवटी गिअर लावलेली, सावकाश फिरणारी, पण अडवलं तरी न अडणारी मोटार आली. गावात भंडाऱ्याच्या दिवशी व्होल्टेज पडणार हे धरून थोडी चढीच घेतली.

चाचण्या कॉलेजात. प्रत्येक वेळी बाबा वरण शिजवून द्यायचे, मी डब्यातून एसटीनं आणायचे, आम्ही ते पुन्हा गरम करायचो. आणि सर म्हणायचे, "आदी पोटात!" सगळे भाकरी काढून बसायचे. शेजारच्या वर्गातली पोरंही यायची. जेवण व्हायचं, हात धुवायचे, मग उरलेल्या वरणावर चाचणी. पंप वर टेबलावर, नळी खाली पातेल्यात. वरण असं यायचं की बघत राहावं. परीक्षकांनी चांगले मार्क दिले. पण ते मार्क मला मोजायचेच नव्हते, मला भंडारा दिसत होता.

भंडाऱ्याच्या सकाळी सगळं गाव कढयांभोवती. जमिनीत खणलेल्या चुलाणांवर वरण रटरटतंय, बाबा डोक्याला टॉवेल बांधून हुकूम सोडतायत, आणि आमचा पंप नवरदेवासारखा ट्रॉलीवर चढवलेला. नळी कढईत सोडली. अध्यक्षांनी नारळ फोडला. सरांनी बटण दाबलं.

मोटार फिरली. रूळ फिरले. नळी थरथरली, आत गुडगुड झालं, आणि दुसऱ्या टोकातून भस्सकन वाफ आली. वरणाचा एक थेंब नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा वाफ. कोणीतरी मागून म्हणालं, "हवा भरून राह्यली का माय, टायरमंधी?" लोक हसले. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि फोन खिशातून काढला. आणि बाबा टॉवेल सोडून खांद्यावर घेत बादलीकडं निघाले. त्याच खांद्यावर. मी पुढं होऊन बादलीची कडी धरली. ते म्हणाले, "सोड माय, पंगत उपाशी ठुता येत नाई."

सर नळीच्या तोंडाशी डावं मनगट धरून उभे होते. झटकन हात मागं घेतला, कपाळावर मारला आणि ट्रॉलीच्या फाळक्यावर चढले. "थांबा!" त्यांचा आवाज लाउडस्पीकरच्या वर गेला. "दादा, बादली खाली ठेवा! चूक माही हाय! पोरायची नाई, मशीनची नाई, माही!"

एवढा मोठा सर, चप्पल घालून ट्रॉलीवर उभा राहून स्वतःची चूक सांगतोय, हे लोकांनी कधी बघितलं नव्हतं.

"उकळतं वरन वर ओढाले गेलं तं ते नळीतच उकळते. वाफ येते, वरन खालीच राह्यते. दादानं मले सांगतलं होतं का उकळी मोडत नाई म्हनून. म्या आयकलं अन् भाकर कुस्करली! हरेक चाचनीले आमी आदी जेवलो अन् मंग पंप चालवला. तवरोक वरन गार झालं राहे. खायच्या नादात म्या उकळीच पाह्यली नाई!"

आता गावाला हसू फुटलं, पण ते वेगळं हसू होतं. एक म्हातारी म्हणाली, "मंग वरनच तसं हाय ना बावा, तुहा काय गुन्हा!"

"ओढाचं नाई," सर खाली उडी मारत म्हणाले, "ढकलाचं! पंप खड्ड्यात घाला!"

मग काय विचारता! चुलाण खणणारे गडी फावडी घेऊन धावले आणि कढईशेजारी खड्डा पडला. पाणी प्यायला ठेवलेलं स्टीलचं पिंप प्रतीक्षानं रिकामं केलं, इम्राननं ते खांद्यावर टाकून गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात पळवलं आणि तोटीच्या जागी मोठं तोंड बसवून धुऊन आणलं. पिंप कढईच्या काठाशी काठ लावून ठेवलं, त्याच्या बुडाची नळी खाली खड्ड्यातल्या पंपात, आणि पंपातून वर ट्रॉलीत. आता काही वर उचलायचं नव्हतं. मोठ्या वगराळ्यानं, म्हणजे लांब दांड्याच्या पळीनं, कढईतलं वरण पिंपात लोटायचं, एवढंच. ते स्वतःच्या वजनानं पंपापर्यंत उतरणार, पुढचं रेटणं मोटारीचं.

पहिलं वगराळं बाबांनी लोटलं, कमरेच्या उंचीवरून, दुखऱ्या हातानं. सरांनी माझ्याकडं बघितलं. "दाब बाई. तुहं सासर हाय."

मी बटण दाबलं. मोटार जराशी कण्हली, मांडवातले दिवे मंद झाले. आणि मग वरण आलं! नळीच्या तोंडातून पिवळंजर्द, जाडजूड, वाफाळतं वरण धबाधबा ट्रॉलीतल्या पिंपात पडायला लागलं. अख्खी लाल मिरची आली, कढीपत्त्याचं पान आलं, लोक एकेका पानाला ओरडायला लागले. इम्रान आणि प्रतीक्षा एकमेकांना टाळ्या देत होते. बाबांनी ट्रॉलीवर वाकून बघितलं. वरण पिंपात पडल्यावरही उकळत होतं. बुडबुडे फुटत होते. "उकळी नाई मोडली," ते पुटपुटले, आणि मग गावाकडं वळून गरजले, "उकळी नाई मोडली!"

अध्यक्षांनी फोन खिशात घातला. पुढं आले, बाबांचा हात धरला आणि म्हणाले, "दादा, तुमी हाय तवरोक वरन तुमचंच. शब्द हाय समितीचा." सर तेव्हा खड्ड्यात उकिडवे बसून मनगटानं मोटारीचा ताप बघत होते. गडी त्यांना म्हणत होते, सर, बाहेर निघा, फोटो काढायचाय. ते म्हणाले, "पयले इचा काढा."

आज मी एका कंपनीत लोकांना पंप निवडून देते. गिऱ्हाईक फोनवर पहिलं वाक्य टाकतं, "मॅडम, किती एचपीचा देता?" आणि मला वाळूचं पोतं दिसतं. सर आता रिटायर झालेत, पण मधूनच फोन करतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "काय उचलून राह्यली आज?" मी सांगते, आज टोमॅटोचा रस, आज साबणाचं पाणी. "चाखलं काय?" साबणाचं म्हटल्यावरही एकदा विचारलं होतं. आणि प्रत्येक वेळी फोन ठेवताना न चुकता, "अन् गरम हाय का गार, ते पाय बरं."

पण त्या भंडाऱ्याच्या दिवसाचं सांगायचं राहिलंच. दरवर्षी पंगती उठत जायच्या आणि बाबा बादल्या भरत राहायचे. शेवटची पंगत उठून पत्रावळी गोळा झाल्या, की ते कढईच्या बुडाला लागलेलं थंड वरण खरवडून भातावर घ्यायचे, उभ्या उभ्या. आचाऱ्याचं जेवण ते. त्या दिवशी बादल्या भरायच्याच नव्हत्या. गावातल्या बायांनी त्यांच्या हातातलं वगराळं काढून घेतलं आणि त्यांना ओढत नेऊन पहिल्या पंगतीत बसवलं, सरांच्या मांडीला मांडी लावून. ट्रॅक्टर आला. वाढप्यानं भातावर वरणाची धार सोडली, वाफ बाबांच्या तोंडावर गेली. त्यांनी घास कालवला, फुंकर मारली, तोंडात घातला आणि तसेच बसून राहिले. मी घाबरून जवळ गेले. त्यांचे डोळे भरले होते.

"काय झालं बाबा? मीठ कमी हाय का?"

"नाई माय," ते म्हणाले. "लोकं इतके सालं सांगत होते, का तुह्या हातचं वरन लय झ्याक हाय. मले वाटे, मन राखाले बोलतात." त्यांनी दुसरा घास उचलला. "खरंच बोलत होते वं."